निधी-निक्षेपासह

जुन्या धाटणीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहून झाल्या की एक ठरलेलं वाक्य येतं. सदर मिळकत तदंगभूत वस्तूंसह, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेप यांसह, जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह कायम खरेदी दिली. हे शब्द जुन्या सनदांतून आणि इनामपत्रांतून चालत आलेले आहेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो आणि अंगठ्यासाठी नंबर लावून बसलेला माणूस ते सहसा वाचत नाही. वाचले, तर शेवटच्या जोडशब्दाशी त्याला थांबावं लागेल. निधी म्हणजे पुरलेलं धन आणि निक्षेप म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. घराच्या भुईत अशी एक ठेव खरोखरच असते. वास्तुशांतीच्या दिवशी आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेऊन वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा पुरतात. त्या विधीचं नावच वास्तुनिक्षेप.

कागदाच्या हिशेबाने घराबरोबर तीही विकली जाते. पण ती विकता येते का?

हा प्रश्न पोथीतला वाटतो, पण कोकणातल्या कितीतरी कुटुंबांत तो दर मे महिन्यात आणि दर गणपतीत उठतो. 2001 ते 2011 या दहा वर्षांत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत होती. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची मात्र सुमारे 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाची 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांवर. रत्नागिरीत 2011 साली दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया मोजल्या गेल्या, कारण पुरुष मुंबईत होते. गिरणीत गेलेल्या पणजोबाच्या लेखी मुंबई म्हणजे चाकरी होती आणि घर गावीच होतं. म्हणून तर तो चाकरमानी. त्याच्या नातवाचं घर डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला झालं. पणतू आता बंगळुरात, पुण्यात नाहीतर त्याहून लांब असतो. 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आलं. तोवर घराला कुलूप लागलं होतं.

बंद घर लवकर म्हातारं होतं. चूल पेटती असते तेव्हा धुराने वासे टिकतात. चूल विझली की वाळवी आढ्यापर्यंत चढते. शेणाचा हात फिरला नाही की भुई उकलते. एका पावसाळ्यात चार कौलं सरकली, तर पुढच्या पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाणी पिऊ लागते. मग कुणीतरी विषय काढतो: गिऱ्हाईक आलंय, विकून टाकूया. पंचायतीच्या उताऱ्यावर पणजोबाचं नाव, सातबारावर वीस-पंचवीस वारस, त्यातले काही हयात नाहीत आणि काही एकमेकांशी बोलत नाहीत. तरीही व्यवहाराची अडचण हळूहळू सुटते. अडतं ते दुसरीकडेच. वाडवडलांना काय वाटेल? देवांचं काय करायचं? गावात कुठल्या तोंडाने जायचं? शहरातला धाकटा याला भावनाप्रधानता म्हणतो, त्याहून धाकटा अंधश्रद्धा म्हणतो. दोघांनाही एक गोष्ट सांगायला हवी. ही अस्वस्थता फार जुनी आहे, विचारपूर्वक घडलेली आहे आणि कधीकाळी ती कायद्याचाच भाग होती.

सुमारे 900 वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. पुढे देशाच्या बहुतेक भागात हिंदूंचा वारसा या ग्रंथाच्या आधारे ठरत राहिला. त्यात विज्ञानेश्वर जमिनीच्या हस्तांतराविषयीचं एक जुनं वचन घेतो. जमीन सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते असा त्याचा आशय आहे. गावाची संमती, भाऊबंदांची संमती, शेजाऱ्यांची संमती, वाटेकऱ्यांची संमती, आणि मग सोनं आणि पाणी. यातल्या चार गोष्टी माणसांना विचारण्याच्या आहेत. घेणाऱ्याचं नाव त्या यादीत नाही.

विज्ञानेश्वर नेमका आणि व्यवहारी माणूस आहे. गावाला कशासाठी विचारायचं? व्यवहार उघड व्हावा म्हणून. गावाने मान्यता दिली नाही म्हणून विक्री रद्द होत नाही. शेजाऱ्याला विचारायचं ते बांधाचा तंटा उरू नये म्हणून. वाटेकरी एकत्र असतील तर त्यांची संमती हवीच, कारण मिळकत समाईक आहे. ते वेगळे झाले असतील तरी विचारावं, म्हणजे पुढे संशय राहत नाही. त्याच्या या स्पष्टीकरणात खोट काढायला जागा नाही. तरी समोर ठेवलेलं वचन त्याच्या स्पष्टीकरणापेक्षा मोठं आहे असं वाटत राहतं. जमीन म्हणजे चारी बाजूंनी माणसांना शिवलेली वस्तू. ती उसवायची तर एकेक टाका हाताने सोडवावा लागतो, हे त्या वचनाच्या कर्त्याला ठाऊक होतं.

आणि सोनं-पाणी? इथे मिताक्षरा खरी चकित करते. स्थावराची विक्रीच नाही असं दुसरं एक वचन होतं. फार तर संमतीने गहाण ठेवावं. उलट भूमिदानाची स्तुती तर सगळ्या ग्रंथांत. मग ज्याला विकणं भागच आहे त्याने काय करावं? विज्ञानेश्वराचं उत्तर असं की, विक्री करावी पण दानाच्या रीतीने करावी, हातावर सोनं ठेवून आणि पाणी सोडून. पैसे घ्यायचे, पण देताना दात्याच्या मुद्रेने द्यायचं. कुणाला ही पळवाट वाटेल. नीट पाहिलं तर ती एका अवघड सत्याची कबुली आहे. घराचा मोबदला घेता येतो, पण घर मोबदल्यात मावत नाही. जेवढं मावत नाही तेवढं देऊनच टाकावं लागतं.

मराठी भाषेने हे विसरू दिलेलं नाही. हक्क सोडला की आपण म्हणतो, त्यावर पाणी सोडलं. सर्वस्व दिलेल्या माणसाबद्दल म्हणतो, त्याने घरादारावर तुळशीपत्र ठेवलं. दानाच्या वेळी वस्तूवर तुळशीपत्र ठेवून उदक सोडतात, त्या कृतीतून हे वाक्प्रचार आलेले आहेत. घर सोडण्यासाठी मराठीने बाजाराचा शब्द उचलला नाही, दानाचा उचलला.

याच्याही मागे जाता येतं. मीमांसादर्शनात जैमिनीपुढे एक पेच येतो. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचं असतं. राजा यज्ञ करत असेल तर त्याने पृथ्वी द्यायची का? उत्तर येतं, नाही. भूमी सगळ्यांना सारखीच आहे. राजाकडे तिचं रक्षण आहे, मालकी नाही. शतपथ ब्राह्मणात हीच गोष्ट कथेतून येते. विश्वकर्मा भौवन राजा यज्ञात कश्यपाला पृथ्वी देऊ लागतो, तेव्हा पृथ्वीच बोलते: मर्त्य माणसाने मला देऊ नये, मी पाण्यात बुडेन. दात्याला दान करू न देणारी ही पृथ्वी वाचली की चतुःसीमांचा तो कागद जरा वेगळा दिसू लागतो. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी 1951 साली भूदान सुरू केलं तेव्हा जमीन देवाची हेच गावोगाव सांगितलं. तो विचार त्यांनी बाहेरून आणलेला नव्हता.

विक्रीला विरोध करणाऱ्यांनी मात्र मिताक्षरेचं दुसरं पानही उलटावं. कुटुंबातल्या जन्मलेल्या, न जन्मलेल्या आणि गर्भातल्याही माणसांना निर्वाहाची आस असते, म्हणून स्थावर देऊ-विकू नये, असं एक वचन तिथे आहे. त्याच्या शेजारीच अपवाद आहे. आपत्काळ आला, कुटुंबासाठी गरज पडली, धर्मकार्य उभं राहिलं, तर एकट्यानेही विकावं. भावाच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी गावचं घर विकणाऱ्याने शरमेने मान खाली घालावी असं शास्त्राने कुठेही म्हटलेलं नाही. न जन्मलेल्यांच्या निर्वाहासाठी जे घर राखायचं, ते त्यांच्या निर्वाहासाठीच मोडायची वेळ येऊ शकते. पणतू बंगळुरात असेल तर त्याची वृत्ती तिथे आहे.

आता देवांकडे यायला हवं. माणसांच्या सह्या जमल्या तरी देवघरापाशी सगळे थांबतात.

अनेक घरांत देवांची वाटणी ठरलेली असते. मूळ टाक थोरल्याकडे राहतात. चूल वेगळी झाली की धाकटा नवे टाक घडवतो आणि ते मूळ देवांना भेटवून आणतो. म्हणजे देवघर हलवायची वाट परंपरेत आधीपासूनच होती. तळकोकणात कुठल्याही मोठ्या कामाआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. ग्रामदेवतेपासून राखणदारापर्यंत, मूळपुरुषापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन काय करणार ते मोठ्याने सांगायचं आणि भोवतालच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. अवघड प्रश्नाला देवळात कौल लावतात. उजवा मिळाला तर पुढे जायचं, डावा मिळाला तर थांबायचं. यातला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवू. भावकीने आणि गावाने गोळा व्हायचं, एकाने सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी घर विकतो आहे’ असं तोंडाने उच्चारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, ही मिताक्षरेतल्या पहिल्या चार संमतींचीच रीत आहे. विक्री चोरून होऊ नये म्हणून विज्ञानेश्वराला जो गाव हवा होता, तो गाऱ्हाण्यात सापडतो.

देवाला जागा सोडता येते का, याचं इतिहासाने दिलेलं सगळ्यात ठसठशीत उत्तर गोव्यात आहे. 1560 च्या दशकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी देव उचलले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. तिथे हे देव पुन्हा बसले. कित्येक कुटुंबं तर त्याहून लांब गेली, कारवार, मंगळूर, पार केरळपर्यंत. त्या घराण्यांची माणसं आजही कुलदेवतेच्या दर्शनाला गोव्यात येतात. मूळ घर, शेत, मूळ देऊळ, सगळं गेलं. कुलदेवतेशी नातं तुटलं नाही. देव जागेला इतका चिकटलेला असता की जागा गेली म्हणजे तोही गेला, तर ही घराणी केव्हाच निर्देव झाली असती.

पण याच्या उलट बाजूला एक खटला आहे, आणि तो विसरता येत नाही. कलकत्त्याच्या मलिक घराण्यात कुलदेवतेची सेवा वारसांमध्ये पाळीपाळीने चाले. आपल्या पाळीत देव आपल्या घरी न्यायचा हक्क एका सेवेकऱ्याला हवा होता. वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1925 च्या निकालात न्यायमूर्तींनी सांगितलं की देवमूर्ती ही वाटेल तिथे हलवायची चीजवस्तू नाही. कायद्याच्या दृष्टीने तिला व्यक्तित्व आहे आणि कुठे राहावं याबद्दल तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी, वादात ज्याचा काही स्वार्थ नाही असा एक प्रतिनिधी नेमावा आणि घरातल्या स्त्रियांनाही दाव्यात सामील करून घ्यावं, असंही त्यांनी सुचवलं. तो देव रीतसर अर्पण करून स्थापलेला होता, त्यामुळे घरगुती टाकांना हा निकाल जसाच्या तसा लागत नाही. तरी त्यातला विचार फार मोलाचा आहे. घराच्या व्यवहारात एक आवाज असा असावा ज्याला त्यातून काही मिळणार नाही.

स्त्रियांचा उल्लेख तिथे आला आहे, त्यावर रेंगाळायलाच हवं. प्रदेश बदलल्यावर मागच्या घराचं काय करायचं, हा प्रश्न पुरुषांना आयुष्यात एखाद्या वेळी पडतो. लग्न करून गेलेल्या प्रत्येक बाईने तो सोसलेला असतो, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 23 होतं. कुटुंबाच्या राहत्या घरात स्त्री वारस असली, तरी पुरुष वारस वाटणी करायचं ठरवत नाहीत तोवर तिला वाटणी मागता येत नसे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना जन्माने समान हक्क दिला, केंद्राने 2005 मध्ये दिला आणि त्याच वेळी कलम 23 काढून टाकलं. कायदा बदलला, रीत तेवढी बदलली नाही. घर विकायचं ठरलं की बहिणींना फोन जातो तो बहुधा हक्कसोडपत्रासाठी: ताई, सही लागेल, आधार कार्ड घेऊन ये. माहेर विकलं जातंय हे तिला सहीच्या दिवशी कळतं. वचनातली वाटेकऱ्यांची संमती ती हीच. सही मिळाली म्हणजे संमती मिळाली असं धरणं हा बहिणीवरचा उघड अन्याय आहे. संमती मागायची तर नकाराला जागा ठेवून मागावी लागते.

आधुनिक कायद्यातही जुन्या विचाराच्या खुणा राहिल्या आहेत. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एखाद्याचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे त्याला त्या घरात बाकीच्यांबरोबर राहायचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर 1893 च्या वाटप कायद्याच्या कलम 4 खाली घरच्या माणसाला तो हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला परत घेता येतो. इंग्रजी अमदानीतल्या कायदेकारांनाही राहतं घर आणि बाकीची मिळकत एका तराजूत घालता आली नाही.

या सगळ्याला एक बिनतोड उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्राच्याच मातीतलं आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना स्वदेशाचा संबंध, स्वग्रामाचा संबंध आणि नातलगांचा संबंध तर विशेषच सोडायला सांगितलं. ते स्वतः गुजरातेतून आलेले. महाराष्ट्रात गावोगाव हिंडले, घर म्हणून कुठेच थांबले नाहीत. त्यांच्या महानुभाव पंथाच्या नजरेने पाहिलं तर आग्नेय कोपऱ्यातल्या प्रतिमेपासून उताऱ्यावरच्या नावापर्यंत सगळं बंधनच. मग विकायला इतकी दुखरी संमती कशाला? सरळ सुटावं.

या उत्तराचा मान राखावा, पण आपल्या सोयीसाठी ते वापरू नये. चक्रधरांच्या शिष्याने घर सोडलं तेव्हा त्याने घराची किंमत घेतली नव्हती. त्याने तुळशीपत्र ठेवलं होतं. घर विकणारा चौरस फुटाचा दर लावतो, आगाऊ रक्कम घेतो, साठेखत करतो. त्यात वाईट काही नाही, पण तो त्याग नव्हे. त्याग करणारा सगळ्यांचं देणं एका क्षणात मागे टाकून जाऊ शकतो, विकणाऱ्याला ते फेडावं लागतं. मुखत्यारपत्र पाठवून, गावात पाऊल न टाकता केलेली विक्री म्हणूनच खटकते. कायद्याने ती पक्की असते. पण शेजारी, ज्याने वीस वर्षं परसातल्या नारळावर लक्ष ठेवलं, त्याला नवा मालक कंपाउंडचे खांब पुरताना दिसतो तेव्हाच घर विकल्याचं कळतं.

आणि न विकण्यातही पुण्य नाही. भावाभावांच्या हट्टात कुणालाच न मिळता कोसळलेली घरं कोकणात वाडीवाडीत आहेत. जोत्यावर रान माजलेलं, तुळशीवृंदावन तेवढं उभं. घर राखल्याचं समाधान तिथे कुणालाच मिळत नाही. वास्तुपुरुषाची कथा मत्स्यपुराणात आहे. अंधकासुराशी लढताना शिवाच्या घामातून तो जन्मला, भूक आवरेना म्हणून सगळं गिळायला निघाला, देवांनी त्याला जमिनीवर पालथा पाडला आणि त्याच्या अंगावर बसले. मग घर बांधणारा तुझी पूजा करील असा वर दिला. घराखाली असा एक भुकेला जीव शांत करून ठेवलेला आहे. तो सदा तथास्तु म्हणत असतो, म्हणून घरात वाईट बोलू नये, असं आज्या सांगत आल्या. तथास्तु म्हणायला आधी कुणीतरी काही बोलावं लागतं. बंद घरात कुणी बोलत नाही.

या दृष्टीने पाहिलं तर पुरलेल्या ठेवीचा प्रश्न सुटतो असं वाटतं. निक्षेप म्हणजे ठेव, आणि ठेव ज्याच्याकडे दिली तो ती सांभाळतो. तिचा मालक होत नाही. वास्तुप्रतिमा पुरणारा आजा तिचा मालक नव्हता, विकणारा नातूही नाही. तो ठेव पुढच्या सांभाळणाऱ्याच्या हाती देतो. म्हणून विकणाऱ्याने घेणाऱ्याला घर नुसतं दाखवू नये, सांगावं. विहिरीला झरा कुठल्या बाजूने आहे, राखणदाराचा नारळ कुठे ठेवतात, शिमग्याला पालखी आली की अंगणात कुठे टेकते, पलीकडच्या म्हातारीची वाट आपल्या परसातून जाते आणि ती कधीच अडवलेली नाही. खरेदीखतातल्या ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ या शब्दांत एवढं सगळं असतं. नवा मालक कुठल्या जातीचा, धर्माचा, कुठल्या प्रांतातला, यावर हे सांगणं अवलंबून नाही. ते सांगताना विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर सोन्याबरोबर सोडायचं पाणीही आलं असं समजायला हरकत नाही.

राहतो तो गणपती. ओटीवर मूर्तीच्या वर फळापानांची माटवी बांधायच्या कड्या आढ्यालाच असतात, त्या घराबरोबर जातात. पाट मात्र सोडवून आणता येतो. बहुतेक घरांत तो पिढ्यान् पिढ्या एकच असतो, रंगाचे थर चढलेला. मूर्ती घडायला लागायच्या आत तो गणपतीच्या शाळेत पोचवावा लागतो. घर विकल्यानंतरच्या पहिल्या आषाढात तो पाट कुठल्या शाळेत द्यायचा, गावातल्या चुलतभावाच्या घराजवळच्या की डोंबिवलीच्या, आणि तिथे घेऊन कोण जाणार, हे खरेदीखतावर सही करायच्या आधीच, बहिणींसकट सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं.